बळ आणि उमेद (लेखांक ६) : आरसा आणि हौदा

बळ वाढले की आत्मविश्वास वाढतो, हे विधान इतके सर्वमान्य आहे की त्यामागील कार्यकारणभाव सहसा तपासला जात नाही. शरीर पिळदार दिसू लागते, लोक वाखाणतात आणि त्यातून माणसाला उमेद येते, अशी सर्वसाधारण समजूत असते. परंतु घटनांचा क्रम पाहिला तर ती पुरेशी ठरत नाही. वजने उचलण्याचा सराव नव्याने सुरू करणाऱ्याची ताकद पहिल्या काही आठवड्यांत झपाट्याने वाढते ती मुख्यतः मज्जासंस्थेतील बदलांमुळे, म्हणजे आधीपासून असलेले स्नायुतंतू अधिक संख्येने आणि अधिक सुसूत्रपणे कामाला लावणे मेंदूला व मज्जारज्जूला साधू लागल्यामुळे. स्नायूंचा आकार नजरेत भरण्यास त्याहून बराच अधिक काळ जावा लागतो. आरशात काही दिसण्यापूर्वीच उमेद वाढू शकते, ती यामुळे.

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी 1977 मध्ये मांडलेली ‘स्वक्षमता-प्रत्यय’ ही संकल्पना येथे उपयोगी पडते. एखादे विशिष्ट काम आपल्याला जमेल, असा त्या कामापुरता विश्वास म्हणजे स्वक्षमता-प्रत्यय; तो प्रत्यक्ष यशातून, आपल्यासारख्याच दुसऱ्याला ते जमलेले पाहण्यातून, जाणत्याच्या शब्दातून आणि शरीराकडून मिळणाऱ्या संकेतांच्या अर्थबोधातून घडतो. यांतील शेवटचा घटक सहसा दुर्लक्षिला जातो. धाप आणि छातीतील धडधड ज्याच्या रोजच्या परिचयाची झाली, त्याला सभेत बोलण्यापूर्वीची धडधड भीतीची खूण वाटण्याचा संभव कमी असतो.

कोल्हापूरच्या तालमींत हे चारही घटक एका छताखाली येतात : जोर-बैठकांची चढती संख्या, समान बांध्याचा जोडीदार, वस्तादांचा शब्द आणि दमसास. राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयाने बहरलेल्या या संस्थांत आणखी एक गोष्ट घडते, आणि सामाजिक दृष्टीने तीच अधिक मोलाची मानावी लागेल. हौद्यातील तांबड्या मातीत पाठ टेकण्याचा प्रसंग प्रत्येकावर, ओळखीच्या माणसांसमोर, वारंवार येतो. हरल्यानंतरही आपले स्थान टिकते, हा अनुभव जिंकण्याइतकाच माणसाला धीट करतो. शिवाय तालीम ही पेठेची संस्था असल्याने तिचे नाते लंगोट सुटल्यावरही सुटत नाही. पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ ही नावे आज फुटबॉलच्या मैदानावर गाजतात. मात्र या संस्थांची दारे स्त्रियांना दीर्घकाळ बंद होती, त्यामुळे हा लाभ अर्ध्या समाजापुरताच राहिला, हेही नोंदवणे भाग आहे.

याउलट, बळाची कसोटी केवळ दिसण्यावर सोपवली तर परिणाम उलटाही होऊ शकतो. हॅरिसन पोप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1997 मध्ये एका विकाराचे वर्णन केले, ज्याला ‘स्नायुविषयक विकृत देहप्रतिमा’ म्हणता येईल : भरदार शरीराच्या व्यक्तीलाही आपण किडकिडीत आहोत असे सतत वाटत राहते. असा मनुष्य अंगाने बलवान असूनही सैल कपड्यांत शरीर झाकतो, समुद्रकिनारा टाळतो, आणि व्यायामाची वेळ व आहाराचे वेळापत्रक चुकू नये म्हणून लग्नकार्याचे, मित्रांच्या जेवणाचे निमंत्रणही नाकारतो. या विकाराची लक्षणे व उपचार यांचा विचार पुढील लेखांकात केला जाईल.