आतडं काढण्यापासून आतडं राखण्यापर्यंत

न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयातल्या बरिल क्रोन, लिऑन गिन्झबर्ग आणि गॉर्डन ओपनहायमर यांनी १९३२ मध्ये १४ रुग्णांची हकिकत प्रसिद्ध केली. लहान आतड्याचं शेवटचं टोक सुजून जाड झालेलं, आतली वाट चिंचोळी झालेली, पण टीबीचे जंतू मात्र कुठेच नाहीत. लेखकांची नावं वर्णानुक्रमे छापली होती, म्हणून आजार ‘क्रोन्स’ झाला. मोठ्या आतड्याच्या अस्तराला व्रण पाडणारा, शौचावाटे रक्त आणि आव घालवणारा अल्सरेटिव्ह कोलायटिस त्याआधीपासून ठाऊक होता. दोन्हींवर औषध नव्हतं. ऑपरेशन व्हायचं ते जीव जायची वेळ आल्यावर.

पहिला आधार स्वीडनमधून आला. नाना स्वार्त्झ यांनी संधिवातासाठी तयार करवून घेतलेलं सल्फासॅलाझीन कोलायटिसला लागू पडलं. १९५५ मध्ये ऑक्सफर्डच्या ट्रूलव्ह आणि विट्स यांनी कॉर्टिसोनची रीतसर चाचणी प्रसिद्ध केली आणि तीव्र झटक्यातले रुग्ण वाचू लागले. दिवसाला किती वेळा रक्ताचे जुलाब, ताप किती, नाडी किती, या त्यांच्या साध्या निकषांवर आजही रुग्णाला दाखल करायचं की नाही हे ठरतं.

औषधांनी भागलं नाही, तर मोठं आतडं काढून लहान आतड्याचं तोंड पोटावर आणायचं, हा मार्ग होता. पण तिथून सतत झिरपणाऱ्या पातळ मळात पाचकरस असतात. भोवतालची कातडी सोलून निघे, उघडं पडलेलं आतडं सुजे. ब्रिटिश सर्जन ब्रायन ब्रूक यांनी १९५२ मध्ये सुचवलेला उपाय अगदी लहान होता. आतड्याचं टोक शर्टाच्या बाहीसारखं उलटं दुमडायचं आणि तिथल्या तिथे कातडीला शिवून टाकायचं. वर आलेल्या त्या बोंडातून मळ थेट पिशवीत पडू लागला आणि कातडी वाचली. आजही हे ऑपरेशन असंच करतात. १९७८ मध्ये लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयात ॲलन पार्क्स आणि जॉन निकोल्स यांनी पुढची पायरी गाठली. लहान आतड्याचीच एक थैली शिवून ती गुदद्वाराशी जोडली. कोलायटिसच्या अनेक रुग्णांची पोटावरची कायमची पिशवी त्यामुळे टळली.

क्रोन्सचं गणित वेगळं आहे. तो तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही उमटतो आणि कापलेल्या जागी पुन्हा येतो. दर वेळी तुकडा काढत गेलं, तर अन्न शोषायला आतडंच उरणार नाही. इथे वाट दाखवली ती भारतातल्या टीबीने. आर. एन. कटारिया आणि सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये टीबीमुळे अरुंद झालेलं आतडं न काढता रुंद करण्याची पद्धत प्रसिद्ध केली. अरुंद जागी उभी चीर द्यायची आणि ती आडवी शिवायची. एवढ्यानेच वाट मोकळी होते, आणि एक इंचही आतडं गमवावं लागत नाही. ऑक्सफर्डच्या इमॅन्युएल ली यांनी हीच पद्धत क्रोन्ससाठी वापरून १९८२ मध्ये मांडली. क्रोन्सच्या शस्त्रक्रियेतलं हे मोठं वळण आपल्याकडच्या अनुभवातून आलं, याचा अभिमान वाटावा.

तोवर दुर्बिणीने संपूर्ण मोठं आतडं आतून पाहणं आणि तुकडा तपासायला घेणं शक्य झालं होतं. १९९८ मध्ये अमेरिकेत क्रोन्ससाठी इन्फ्लिक्सिमॅबला मान्यता मिळाली आणि बायोलॉजिक औषधांचं पर्व सुरू झालं. भारतात त्याला एक पेच आहे. टीबी आणि क्रोन्स आतड्याच्या एकाच वळणावर, जवळपास एकाच रूपात भेटतात. क्रोन्स समजून स्टेरॉइड किंवा बायोलॉजिक दिलं, तर टीबी पसरतो. टीबी समजून महिनोन्‌महिने गोळ्या दिल्या, तर क्रोन्स आतडं आवळत राहतो. म्हणूनच तुकड्याची तपासणी, जंतूंचा शोध, आणि टीबीचा कोर्स सुरू केलाच, तर काही महिन्यांत पुन्हा दुर्बीण घालून व्रण भरले का हे पाहणं, यातली एकही पायरी गाळून चालत नाही.

ऑपरेशन म्हणजे औषधांची हार, ही समजूतही आता मागे पडते आहे. लहान आतड्याच्या टोकापुरत्या मर्यादित क्रोन्समध्ये दुर्बिणीतून केलेली शस्त्रक्रिया आणि इन्फ्लिक्सिमॅब यांची तुलना युरोपात झाली. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत वर्षभरानंतर दोन्ही गटांचं जगणं सारख्याच दर्जाचं आढळलं. वेळेवर, शांतपणे ठरवून केलेलं ऑपरेशन आणि मध्यरात्री आतडं फुटल्यावर केलेलं ऑपरेशन यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे.

तेव्हा शौचातून रक्त जात असेल, जुलाब महिनाभर थांबत नसतील किंवा वजन उतरत असेल, तर मूळव्याध किंवा उष्णता म्हणून अंगावर काढू नका. पोटविकारतज्ज्ञांना दाखवा. आणि सर्जनला भेटायला सांगितलं, तर घाबरून भेट पुढे ढकलू नका.