डबीत मावणारे संगीत

दिवाळीच्या सुटीत चिरंजीवांनी किंवा कन्येने जेवणाच्या टेबलावर तारा पसरल्या, तर आईने लगेच रागावू नये. अमेरिकेतल्या युटा राज्यात नॅथॅनिएल बाल्डविन नावाच्या गृहस्थाने आपल्या स्वयंपाकघरातच हेडफोन तयार केले आणि १९१० साली ते तिथल्या आरमाराला पाठवले. म्हणजे या उद्योगाला स्वयंपाकघर काही परके नाही!

या छंदाची पहिली पायरी म्हणजे डाग देणे, अर्थात सोल्डरिंग. त्याचे मर्म आपल्या जुन्या कल्हईवाल्याला पक्के ठाऊक होते. तो आधी भांडे तापवी, नवसागराने मळ काढी आणि मगच कथील फिरवी. इथेही तसेच. पंचवीस वॅटचे सोल्डरिंग आयर्न घ्यावे. साठ टक्के कथील आणि चाळीस टक्के शिसे असलेली तार साधारण १८३ ते १९० अंश सेल्सियसला वितळते. नवसागराचे काम तिच्या पोटातली राळ करते. नवसागर मात्र इथे वापरू नये, तो नाजूक तारा खाऊन टाकतो.

आयर्नचे टोक सांध्याला दोन-तीन सेकंद टेकवावे आणि तार टोकाला नव्हे, तर तापलेल्या सांध्याला लावावी. ती पाण्यासारखी पसरली की आयर्न उचलावे आणि सांधा थिजेपर्यंत हलवू नये. चांगला डाग चकचकीत, उतरत्या कडांचा दिसतो. गोळा होऊन बसलेला, निस्तेज डाग कच्चा समजावा आणि पुन्हा तापवावा. खिडकी उघडी ठेवावी, डोळ्यांना चष्मा असावा आणि शिसे हाताळल्यावर हात धुतल्याशिवाय चकलीला हात लावू नये!

सरावासाठी घरातला एका कानाने मुका झालेला हेडफोन उत्तम. बहुधा तार पिनेपाशी तुटलेली असते. साध्या पिनेचे टोक डाव्या कानाचे, मधले कडे उजव्या कानाचे आणि मागचा भाग दोघांचा सामाईक. आतल्या बारीक तारांवर रंगीत लाखेचा थर असतो. तो जाळून किंवा खरवडून काढल्याशिवाय डाग धरत नाही.

हात बसला की पुढची मजल मारावी. १९९० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत चू मॉय यांनी हेडफोनसाठी एक छोटा अॅम्प्लिफायर आखला. नऊ व्होल्टची बॅटरी, एक आठ पायांची चिप आणि मूठभर किरकोळ भाग, एवढाच संसार. हौशी लोक तो पेपरमिंटच्या डबीत बसवू लागले. आपल्याकडे सुपारीची डबी चालेल, फक्त आतून जाड कागद लावावा, म्हणजे डाग पत्र्याला टेकणार नाहीत. सामान मुंबईला लॅमिंग्टन रोडवर आणि पुण्याला बुधवार पेठेत मिळते.

दोन सारखे रेझिस्टर बॅटरीचे साडेचार-साडेचार व्होल्टचे दोन भाग करतात. एक हजार आणि दहा हजार ओहमची जोडी आवाजाचा संकेत अकरा पट वाढवते. तपकिरी-काळा-लाल पट्टे म्हणजे एक हजार, तपकिरी-काळा-नारिंगी म्हणजे दहा हजार. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरची पट्ट्याकडची बाजू ऋण असते. तो उलटा लागला तर फुटू शकतो. चिपला थेट डाग देऊ नये. आधी सॉकेट बसवावे आणि खाच पाहून चिप त्यात खोचावी.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. हेडफोन जोडण्याआधी, गाणे बंद ठेवून, बाहेर येणारा डीसी दाब मल्टिमीटरने मोजावा. तो वीस मिलिव्होल्टच्या आत हवा. जास्त असेल, तर वडिलांचा महागडा हेडफोन कायमचा मुका होण्याची भीती! पहिली परीक्षा स्वस्तातल्या जुन्या हेडफोनवरच घ्यावी.

आणि आवाज शून्यापासून हळूहळू वाढवावा. लहान हेडफोनला फोनचाच जोर पुरतो. ही डबी खरी उपयोगी पडते ती अडीचशे-तीनशे ओहमच्या मोठ्या हेडफोनला. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने प्रौढांनी ऐंशी डेसिबलचा आवाज आठवड्याला चाळीस तासच ऐकावा. तुटलेली तार पुन्हा जोडता येते, पण बिघडलेल्या कानाला डाग देणारा कारागीर अजून जन्माला आलेला नाही.