“मस्त आहे!” ऐकून छपाईला देऊ नका



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण फीडबॅक कसा घ्यायचा ते पाहिलं. तिथे वेळ कमी पडला, म्हणून एक उदाहरण इथे सविस्तर सांगतो. उदाहरण चित्राचं आहे. पण तुम्ही पापड विकत असाल, साबण बनवत असाल, तरी शेवटपर्यंत वाचा. गोष्ट तुमचीच आहे.

आपल्या बॅचमध्ये एक मुलगा होता. टॅबलेटवर डिजिटल चित्रं काढायचा. बाईक रायडर्सच्या एका ग्रुपकडून त्याला पहिली मोठी ऑर्डर मिळाली. ताम्हिणी घाट, पावसाळा, वळण घेणारी बाईक. ए-थ्री आकाराचे ४० पोस्टर, निम्मे पैसे आगाऊ.

चित्र तयार झालं. आई म्हणाली, “छान काढलंस.” मित्र म्हणाले, “एक नंबर, भावा!” मग त्याने मला पाठवलं. मी काय केलं? मोबाईलवर दोन सेकंद पाहिलं आणि लिहिलं, “मस्त! छापून टाक.” चूक माझीही होती, म्हणून आधीच कबूल करतो.

छापखान्यात जायच्या आदल्या दिवशी तो गाडीचं ऑइल बदलायला गॅरेजमध्ये गेला. सहज म्हणून मेकॅनिकला चित्र दाखवलं. मेकॅनिक बघत राहिला आणि म्हणाला, “गाडी भारी काढलीस. पण गिअर उजव्या पायाशी कसा? आणि हा घाटात राँग साईडने का चाललाय?”

पोरगं चिडलं. म्हणालं, “काका, जुन्या बुलेटला गिअर उजवीकडेच असायचा!”

“असायचा ना. पण तू डिस्क ब्रेकवाली नवी गाडी काढलीस. आणि अजून एक सांगू? हा पडणार बघ. गाडी वळणात झुकलीय, हा मात्र खांबासारखा ताठ बसलाय. नजर पुढच्या चाकावर. वळताना आपण चाकाकडे बघत नाही रे, वळण जिथे संपतं तिथे बघतो.”

आता ही चूक झाली कशी? डिजिटल चित्रकारांची एक चांगली सवय असते. चित्र मध्येच आरशासारखं उलटं करून बघायचं. बघून बघून सरावलेल्या डोळ्याला चुका दिसत नाहीत, उलटं केलं की लगेच दिसतात. याने उलटं केलं, पण परत सुलटं करायला विसरला. त्यामुळे गिअर उजवीकडे गेला आणि डावीकडून चालणारी गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूला आली. आईला, मित्रांना, मला हे दिसलं नाही. ज्यांच्यासाठी पोस्टर होतं, त्या ४० रायडर्सना मात्र पहिल्या मिनिटात दिसलं असतं.

धडा पहिला: योग्य माणसाला दाखवा. आपली माणसं चित्राकडे बघत नाहीत, आपल्याकडे बघतात. त्यांचं कौतुक मनापासून घ्या, पण त्यावर छपाईचा निर्णय घेऊ नका. जो ती वस्तू रोज वापरतो, त्याला दाखवा.

धडा दुसरा: नेमकं विचारा. “कसं वाटलं?” विचारलं की “छान” हेच उत्तर येणार. त्याऐवजी असं विचारा:

१. पहिली नजर कुठे गेली?
२. गाडी धावतेय असं वाटतं, की उभी आहे असं?
३. रायडर म्हणून काय खटकलं?

आणि विचारल्यावर गप्प बसा. आपण स्पष्टीकरण द्यायला लागलो की समोरचा बोलायचा थांबतो. या मुलाने नंतर हेच प्रश्न ग्रुपमधल्या दोघांना विचारले. एकाला गाडी उभी वाटली. कारण चाकाचे आरे एकेक मोजता येत होते, मागची झाडंही तितकीच स्पष्ट. दुसऱ्याला गाडी हवेत तरंगतेय असं वाटलं. टायर जिथे रस्त्याला टेकतो, तिथे गडद सावलीच नव्हती!

धडा तिसरा: आलेल्या सूचना तीन ढिगांत वाटा. गिअर उजवीकडे, ही *चूक*. ती दुरुस्त करायचीच. गाडी उभी वाटते, ही *अडचण*. ती खरी माना, पण उपाय तुमचा तुम्ही शोधा. त्याने आरे आणि झाडं धूसर केली, रायडरचा चेहरा आणि हेल्मेट स्पष्ट ठेवलं. वेग आपोआप आला. “गाडी लाल कर” ही *आवड*. पैसे देणारा ग्राहक म्हणत असेल तर विचार करा, बाकीच्यांना “धन्यवाद” म्हणा.

पिक्सार या ॲनिमेशन स्टुडिओतही अशीच पद्धत आहे. अनुभवी मंडळी तयार होत असलेला सिनेमा बघतात आणि कुठे अडकलं ते स्पष्ट सांगतात. या गटाला ते ‘ब्रेनट्रस्ट’ म्हणतात. पण त्या सूचना मानायच्या की नाही, हे दिग्दर्शक ठरवतो. ऐकायचं सगळ्यांचं, ठरवायचं आपण.

धडा चौथा: लवकर दाखवा. कच्च्या रेखाटनात रायडरची बैठक बदलायला दहा मिनिटं लागतात. रंगकाम झाल्यावर दोन दिवस जातात. छापल्यावर ४० पोस्टर रद्दीत. आणि छापण्याआधी छापणाऱ्यालाही विचारा. ए-थ्री म्हणजे २९७ बाय ४२० मिलिमीटर. ३०० डीपीआयने छापायचं तर फाईल साधारण ३५०८ बाय ४९६१ पिक्सेलची हवी. स्क्रीनवर चमकणारा हिरवा रंग कागदावर फिका पडू शकतो. म्हणून आधी एकच प्रत काढा, भिंतीला लावा, चार पावलं मागे जाऊन बघा. टाकीवर कंपनीचा लोगो काढला असेल तर परवानगीशिवाय विकू नका. तो त्यांचा ट्रेडमार्क आहे.

मेकॅनिकचं ऐकल्यावर हा मुलगा दोन दिवस तोंड पाडून बसला होता. वाईट वाटतंच, मित्रांनो. रात्र रात्र जागून काढलेलं चित्र असतं. पण तिसऱ्या दिवशी उठला, चित्र सुलटं केलं, रायडरला झुकवलं, नजर वळणापलीकडे नेली. छपाई चार दिवस उशिरा होईल, हे ग्राहकाला स्वतः फोन करून सांगितलं. ग्राहक थांबला.

शेवटी पोस्टर छापले ४१. एकेचाळिसावं त्या गॅरेजच्या भिंतीवर आहे. फुकट देत होता, पण काकांनी पैसे देऊनच घेतलं.

आजचा गृहपाठ: तुमची वस्तू आज अशा एकाला दाखवा, जो ती वापरतो पण तुमचा नातेवाईक नाही. वरचे तीन प्रश्न तुमच्या धंद्याप्रमाणे बदलून विचारा. उत्तर वहीत लिहा. त्या वेळी वाद घालू नका.

आणि मला काही दाखवायला आणलंत, तर आता मी “मस्त” म्हणणार नाही. आधी विचारणार, “हे वापरणाऱ्या कुणाला दाखवलंस का?”

भेटू पुढच्या व्हिडिओत!