परदेशी गेले ते वाचले

अलाबास्टर हा पांढरा दगड इतका मऊ की, नखानेही ओरखडा उठावा. चौदाव्या शतकापासून इंग्लंडातील नॉटिंगहॅमकडचे कारागीर त्यावर येशू, मेरी आणि संतांच्या कथा कोरीत, वर रंग नि सोन्याचा मुलामा देत. ज्याला अक्षर येत नाही, त्याची ही पोथीच म्हणा ना!

असे पुष्कळ फलक परदेशीही गेले. १४५६ साली जॉन गुडइयर या इंग्रज पाद्र्याने स्पेनमधील सांतियागोच्या कॅथेड्रलला संत जेम्सच्या कथेचे फलक अर्पण केले.

पुढे धर्माचे वारे फिरले. १५५० साली चर्चमधील मूर्ती फोडण्याचा कायदाच इंग्लंडात झाला. मायदेशी राहिलेल्या फलकांपैकी थोडेच बचावले. सांतियागोचे फलक मात्र आजही तिथे पाहायला मिळतात.