परळीचा संच कोण बंद ठेवतो?

परळी वैजनाथच्या औष्णिक वीज केंद्रात आज २५० मेगावॅटचे ३ संच आहेत. २०१५ साली हे केंद्र पाण्याअभावी बंद पडले, हे आपल्या जिल्ह्यात सर्वांना ठाऊक आहे. पण पाणी आणि कोळसा असतानाही कधीकधी संच बंद ठेवले जातात. राखेच्या विटा पाडणारे, ट्रकवाले, वेल्डिंगचे कारागीर यांच्या रोजीवर त्याचा परिणाम होतो. म्हणून यामागचा हिशेब समजून घेतला पाहिजे.

२००३ च्या वीज कायद्याने वीजनिर्मिती खुली झाली आणि २००५ साली राज्य वीज मंडळाच्या वेगवेगळ्या कंपन्या झाल्या. आता महावितरण गिऱ्हाईक आहे आणि परळी चालवणारी महानिर्मिती अनेक विक्रेत्यांपैकी एक. कोणाची वीज आधी घ्यायची, हे ऐरोलीचे राज्य भार प्रेषण केंद्र संगणकाच्या साहाय्याने ठरवते.

संगणकात प्रत्येक संचाचा युनिटमागे होणारा इंधनखर्च भरलेला असतो. स्वस्त संच यादीत वर, महाग खाली. समजा, तीन संचांचा खर्च ३, ४ आणि ५ रुपये आहे. पहिल्या दोघांतच मागणी भागली, तर तिसरा थांबतो. परळीजवळ कोळशाची खाण नाही. कोळसा रेल्वेने येतो आणि भाडे खर्चात चढते. त्यामुळे परळी यादीत खाली सरकते. माल चांगला असूनही वाहतुकीने सौदा हातचा जातो, हा अनुभव व्यापाऱ्याला नवा नाही.

दुसरा हिशेब तारांचा. स्वस्त वीज असली तरी ती वाहून नेणारी वाहिनी पेलेल का, आणि एखादी वाहिनी तुटली तर उरलेल्यांवर किती भार येईल, हे सॉफ्टवेअर आधीच तपासते. ३० व ३१ जुलै २०१२ रोजी उत्तर भारत अंधारात गेला, त्याची सुरुवात बीना-ग्वाल्हेर या एका वाहिनीवरच्या जादा भारातून झाली होती.

तिसरा हिशेब बाजाराचा. २००८ पासून देशात वीज विनिमय बाजार चालू आहे. तेथे उद्याच्या विजेसाठी दर पंधरा मिनिटांच्या बोली लागतात, म्हणजे दिवसाचे ९६ भाव. संगणक मागणी-पुरवठा जुळवून भाव काढतो. तेथे स्वस्त वीज मिळाली, तर महाग संच आणखी मागे पडतो.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. करारातला संच थांबला, तरी त्याच्या भांडवलाचा स्थिर खर्च महावितरणला द्यावाच लागतो आणि तो शेवटी आपल्याच बिलात येतो.

संचांची ही क्रमवारी गुप्त नसते; भार प्रेषण केंद्र ती प्रसिद्ध करते. विटांचा मोठा सौदा करण्यापूर्वी ती पाहावी, आणि परळीची राख रोज मिळेलच असे धरून उचल घेऊ नये.