ऑटोमॅटिक गाडीचा झटका आणि आपला उजवा पाय

डॉक्टरांच्या स्मरणिकेत एका बालरोगतज्ज्ञाने मोटारीच्या गिअरबॉक्सविषयी लिहावे, हे काही वाचकांना अप्रस्तुत वाटण्याचा संभव आहे. परंतु आपल्या मंडळाच्या सभेच्या दिवशी बाहेर उभ्या असलेल्या गाड्यांवर नजर टाकली, की या विषयाचे प्रयोजन ध्यानात येते. गेल्या काही वर्षांत आपल्यापैकी अनेकांनी ऑटोमॅटिक गाड्या घेतल्या. कुणाच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली होती, तर कुणी टिळकवाडीच्या रेल्वे फाटकाशी क्लच दाबून दाबून कंटाळले होते. गाडी घेतल्यावर वर्षाच्या आत एक तक्रार मात्र हमखास कानी येते, "बाकी सगळं छान आहे हो, पण निघताना झटका देते!"

ताप हे जसे लक्षण असते, रोग नव्हे, तसेच या झटक्याचे आहे. औषध लिहिण्यापूर्वी निदान हवे, आणि निदानापूर्वी रुग्णाची जात ओळखायला हवी. कारण 'ऑटोमॅटिक' या एका नावाखाली अगदी निराळ्या रचनेची यंत्रे नांदतात.

अमेरिकेत जनरल मोटर्सने १९३९ साली 'हायड्रामॅटिक' गिअरबॉक्स बाजारात आणला. मोठ्या संख्येने तयार झालेला तो पहिला पूर्ण स्वयंचलित गिअरबॉक्स होय. त्यात इंजिनाची शक्ती तेलाच्या माध्यमातून पुढे जात असे. आजच्या टॉर्क कन्व्हर्टरच्या गाड्या याच घराण्यातल्या. तेलाची ही गादी मध्ये असल्यामुळे त्या स्वभावतः मऊ निघतात. आपल्याकडे मात्र स्वयंचलित गाडी मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली, ती २०१४ साली मारुती सुझुकीच्या सेलेरिओबरोबर आलेल्या एएमटी पद्धतीमुळे. एएमटीमध्ये गिअरबॉक्स नेहमीचाच, क्लचची तबकडीही नेहमीचीच. फरक एवढाच, की क्लच दाबण्याचे आणि गिअर बदलण्याचे काम संगणकाच्या हुकमाने एक यांत्रिक हात करतो. डीसीटी गाड्यांत तर असे दोन क्लच असतात. थोडक्यात, आपल्या पायाखालची क्लचची पट्टी गेली, पण गाडीतला क्लच गेलेला नाही. तो दिसत नाही, म्हणून त्याचा विसर पडतो, आणि पुष्कळशा झटक्यांचे मूळ या विसरात असते.

एएमटी गाडी निघते तेव्हा संगणक क्लचची तबकडी इंजिनाच्या फिरत्या चाकावर हळूहळू टेकवत नेतो. या कामाला क्षणभर वेळ लागतो. सवयीचा चालक तेवढा धीर धरत नाही. ब्रेकवरून पाय उचलताच तो ॲक्सिलरेटर दाबतो. गाडी जागची हलली नाही असे वाटून तो आणखी दाबतो. तोवर इंजिनाचे फेरे वाढलेले असतात, आणि नेमक्या त्याच वेळी क्लच जुळतो. गाडी उडी घेते. दचकून चालक पाय उचलतो, संगणकाचा बेत पुन्हा बदलतो, आणि दुसरा झटका बसतो. याला उपाय साधा आहे. बहुतेक ऑटोमॅटिक गाड्या ब्रेक सोडताच आपणहून मुंगीच्या चालीने पुढे सरकतात. तसे तिला सरकू द्यावे, चाके फिरू लागली की मगच ॲक्सिलरेटरवर हलका पाय ठेवावा, आणि तो एकसारखा ठेवावा.

दुसरी घातक सवय चढावरची. माझ्या एका ज्येष्ठ सर्जन मित्रांच्या एएमटी गाडीला दीड वर्षात थरथर सुरू झाली. कार्यशाळेने संपूर्ण क्लच बदलण्याचा सल्ला दिला. मी एकदा त्यांच्या शेजारी बसून गेलो. कपिलेश्वर उड्डाणपुलाच्या चढावर गाड्या खोळंबल्या होत्या, आणि डॉक्टरसाहेब ब्रेक न लावता केवळ ॲक्सिलरेटरच्या जोरावर गाडी जागच्या जागी तोलून धरत होते. अशा वेळी क्लच अर्धवट घसरत राहतो, तापतो, तबकडीचा पृष्ठभाग गुळगुळीत होतो, आणि मग सपाट रस्त्यावरही गाडी थरथरत निघते. त्यांनी चढावर ब्रेक अथवा हँडब्रेक वापरण्याची सवय लावून घेतली. झटके पुष्कळच कमी झाले, तरी थंडीतल्या सकाळची किंचित थरथर राहिली. झालेली झीज सवय बदलून भरून येत नाही, ती पुढे वाढायची तेवढी थांबते.

आणखी काही सवयी तपासून पाहण्याजोग्या आहेत. गाडी पुरती थांबण्याआधीच 'आर'मधून 'डी'मध्ये जाणे ही एक. पहाटे इंजिन सुरू करताच गिअर टाकणे ही दुसरी. थंड इंजिनाचे फेरे सुरुवातीस वाढलेले असतात, ते अर्ध्या-एक मिनिटात खाली येऊ द्यावेत. उतारावर हँडब्रेक न लावता गाडी 'पी'वर सोडून देणे ही तिसरी. तसे केल्यास गाडीचा सारा भार गिअरबॉक्समधील एका लहानशा खिटीवर येतो, आणि निघताना ती खट्कन सुटते. म्हणून आधी हँडब्रेक, मग 'पी'.

सगळाच दोष पायाचा नसतो, हेही सांगायला हवे. गिअर टाकल्यावर दोन-तीन सेकंद काहीच न होता मग धक्का बसणे, इंजिनाचा आवाज वाढूनही वेग न वाढणे, जळका वास, धोक्याचा दिवा, गाडीखाली तेलाचे डाग ही गंभीर लक्षणे आहेत. अशा वेळी घरगुती उपचार नकोत. इंजिनाचे रबरी आधार झिजले तरीही धक्के बसतात. काही गाड्यांत बॅटरी बदलल्यावर संगणकाने शिकून ठेवलेले पुसले जाते आणि काही दिवस गाडी अडखळते. म्हणून कारागिराला नुसते 'झटका देते' असे सांगू नये. थंड असताना की तापल्यावर, पुढे जाताना की मागे, चढावर की सपाटीवर, आणि दुसऱ्या कुणी चालवली तरीही होते का, एवढा इतिहास द्यावा. आपण रुग्णाकडून याहून अधिक मागतो.

मी हे लिहावयास घेतले, त्याचे खरे कारण खर्चाचे नाही. माझ्या दवाखान्याच्या अंगणात दिवसभर लहान मुलांची ये-जा असते. तीन वर्षांचे मूल गाडीच्या मागे उभे असले, तर मागच्या काचेतून ते दिसत नाही. अशा जागी गाडी वळवताना 'हलत का नाही' म्हणून जोराने दाबलेला ॲक्सिलरेटर आणि त्यानंतरची ती उडी, यांतले अंतर एका श्वासाइतकेच असते. क्लचची सवय असलेला डावा पाय गडबडीत ब्रेकवर आदळतो, तो गोंधळ निराळाच. म्हणून अंगणात, वाहनतळात, इस्पितळाच्या दारात एक नियम पाळावा. डावा पाय स्वस्थ ठेवावा, उजवा पाय ब्रेकवरच असावा, आणि गाडी केवळ ब्रेक सैल करून सरकवावी. ॲक्सिलरेटरला तेथे काम नाही. गाडी मागे घेण्यापूर्वी खाली उतरून एक फेरी मारावी. आरसे आणि कॅमेरे असले तरीही मारावी.

आपल्यापैकी अनेकांना मध्यरात्री फोन येतो आणि अर्धवट झोपेत गाडी काढावी लागते. त्या वेळी विचार काम करत नाही, सवय काम करते. ती दिवसाढवळ्या, मोकळ्या जागेत, सावकाश लावून घ्यावी, एवढीच मंडळाच्या सभासदांना आणि त्यांच्या कुटुंबीयांना विनंती.