हवा कोमट, पण हीटर चांगला!



आमच्या ईलिंगच्या घरातली मागची खोली मार्चमध्येही फ्रीजसारखी असते. आई पुण्याहून आली की तिच्या वाट्याला तीच (दुसरी नाहीच!). म्हणून गेल्या वर्षी बाहेरून दक्षिणेच्या भिंतीवर सोलर एअर हीटर ठोकला. दोन चौरस मीटरची लाकडी पेटी, पुढे पॉलिकार्बोनेट, आत काळा ॲल्युमिनियमचा पत्रा, मागे रॉकवूल आणि कॉम्प्युटरचा पंखा. खोलीतली हवा खालून आत जाते, पत्र्यामागून वर चढते आणि परत खोलीत येते. कल्पना जुनीच, एडवर्ड मोर्सने १८८१ मध्ये अमेरिकेत पेटंट घेतलं होतं. पेटी छपरावर न ठेवता भिंतीवर उभी, कारण डिसेंबरात इथे भर दुपारी सूर्य जेमतेम १५ अंश वर येतो. पुण्यात तेव्हाही ४८!

पहिल्या दिवशी १२ अंशांची हवा ४७ होऊन आली. आई खूष. मग माझ्यातला इंजिनियर जागा झाला. हवा ताशी फक्त ३० घनमीटर, म्हणजे उष्णता सव्वातीनशे वॅट. तशाच उन्हात मोठा पंखा लावून १०० घनमीटर केली. हवा २८ अंशच, पण हिशेब सव्वापाचशे वॅट!

गोम अशी की हवा उष्णता उचलायला फार आळशी. पत्रा तापत जातो आणि तापलेला पत्रा समोरून बाहेरच उष्णता उधळतो. म्हणजे पत्रा जितका गार, तितकी कार्यक्षमता जास्त. आयआयटी मुंबईच्या सुखात्मे सरांचं सौरऊर्जेचं पुस्तक (१९८४) वाचलेल्या मेकॅनिकलवाल्यांना हे पाठ असेल. मी पडलो सॉफ्टवेअरवाला!

पुढची पायरी म्हणजे पत्र्याच्या मागच्या अंगाला बारीक आडव्या तारा. पत्र्याला चिकटून सरकणारा हवेचा पातळ थर त्यांनी मोडतो. रूरकीच्या प्रसाद आणि सैनी यांनी १९८८ मध्ये यावर चांगलं काम केलंय. पण हवेची वाट अडते, पंख्याला जोर लागतो. नुसता पंखाच वाढवावा म्हटलं, तर दुप्पट हवेला साधारण आठपट वीज. तेव्हा कुठेतरी थांबावंच लागतं.

आईला यातलं काही पटलेलं नाही. ती पंख्यासमोर हात धरते आणि म्हणते, "आधीचंच बरं होतं रे, आता नुसता वारा येतो." खोलीचा थर्मामीटर दाखवला, तर स्वेटर घालून बसली. शेवटी वाऱ्याचं तोंड छताकडे वळवलं, तेव्हा तक्रार थांबली.

एक अडचण उरलीच आहे. रात्री पेटी गार पडली की हवा उलटी वाहते आणि खोलीच थंड करते. सध्या झडप म्हणून प्लॅस्टिकचा तुकडा लावलाय, तो रात्रभर फडफडतो आणि आईची झोपमोड होते. कुणाकडे बरी युक्ती असेल तर जरूर कळवा.

चूभूद्याघ्या.